मागून येणारी

"जगाला नियम शिकवले आणि स्वतः मात्र एकट्याच गेल्या."

कुंदाताईंच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी, कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. त्यात कुत्सितपणा नव्हता. बोलणाऱ्या बाई रडूनच बाहेर आल्या होत्या, नाक पुसत होत्या. त्यांच्याबरोबरची म्हणाली, "नाहीतर काय! आमची मैथिली एकदा बाटली भरायला एकटी नळावर गेली, तर केवढं ऐकवलं होतं तिला... आणि मलासुद्धा!" मी खाली वाकून सँडलचा पट्टा सोडवत होते. पट्टा केव्हाच सुटला होता. तरी त्या दोघी जिना उतरून जाईपर्यंत मी वाकलेलीच राहिले.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आमच्या गाईड पथकाच्या कॅप्टन कुंदा सामंत कोलशेतच्या खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर कोसळल्या. हृदयविकाराचा झटका. वय एकसष्ट. साधी डोकेदुखीची गोळीही न घेणारी बाई. पुढच्या रविवारी मुलींना त्या वाटेने न्यायचं होतं, म्हणून ताई आधी ती वाट चालून बघायला गेल्या होत्या. त्या पडल्या तेव्हा जवळ पथकातलं कोणी नव्हतं. म्हणून सगळे धरून चालले, की त्या एकट्याच निघाल्या असणार. ज्या बाईंनी पंचवीसेक वर्षं 'दुसरी सोबत असल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही' हे मुलींकडून आणि मुलींच्या आयांकडून घोकून घेतलं, त्याच बाई...

पण त्या एकट्या निघाल्या नव्हत्या. त्यांच्या नियमाप्रमाणे दुसरी ठरलेली होती. ती मी. हे त्या दाराबाहेर वाकून उभी असताना मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. पुढचे चार आठवडेही उघडलं नाही. ताईंबद्दल लिहायचं म्हटलं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. मधलं चांगलं चांगलं लिहून हे गाळलं, तर ते ताईंबद्दलचं लिखाण होणार नाही.

मी तिसरीत होते तेव्हा आईने मला ताईंकडे नेलं. तेव्हा आम्ही वर्तकनगरला राहायचो. दर रविवारी सकाळी तिथल्या एका शाळेच्या मैदानावर पथक भरायचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे मी गप्प. आई ताईंना म्हणाली, "हिला जरा बोलकं करा हो." ताई दोरीचं भेंडोळं सोडवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बोलकं करायचं मशीन नाही आमच्याकडे. गाठी शिकवतो. चालेल?" मग माझ्याकडे बघून नाव विचारलं. मी आईचा पदर धरला. आईनेच सांगितलं, "गार्गी." ताई खळखळून हसल्या. "गार्गी! आणि तोंडात मूग! असू दे. वाद घालणाऱ्या आमच्याकडे बावीस आहेत. ऐकणारी एकही नव्हती, ती आज आली."

पुढचे चार रविवार मी एक अक्षर बोलले नाही आणि ताईंनी मला बोलायला लावलं नाही. शाळेतल्या बाई मला उभं करून 'लाउडर, लाउडर' म्हणायच्या, त्यामुळे हे मला फार विचित्र वाटलं होतं. पाचव्या रविवारी आम्ही रांगेने उपवनच्या तलावाकडे निघालो, तेव्हा ताईंनी मला रांगेच्या अगदी शेवटी उभं केलं. म्हणाल्या, "पुढे असते तिला सगळे बघतात. मागे असते ती सगळ्यांना बघते. तुझं काम मोजायचं." तिथे पोचल्यावर त्या माझ्या तोंडाजवळ कान घेऊन आल्या. मी कुजबुजले, "तेवीस." ताई ताठ उभ्या राहिल्या आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गार्गी म्हणते, तेवीस! सगळ्या पोचल्या!" माझा आकडा दुसऱ्याच्या तोंडून का होईना, पण एवढ्या मोठ्याने जगात गेला होता. त्या दिवसापासून रांगेची शेवटची जागा माझी झाली.

ताई टेलिफोन खात्यात होत्या. सावंतवाडीकडच्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, गणवेशाच्या निळ्या साडीला पिना लावताना तोंडात चार पिना धरून बोलणाऱ्या. घरी त्या आणि सामंतकाका, दोघंच. मुलीच्या जातीला कोणी काही बोललं की त्यांचा आवाज अचानक मऊ व्हायचा आणि समोरच्याला कळायचं की आता आपलं काही खरं नाही. पथकाची एक वही असायची, प्रत्येक रविवारी काय केलं ते लिहायची. ती त्यांनी सातवीत माझ्याकडे दिली. मी पहिलं पान इंग्रजीत लिहून आणलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, म्हणाल्या, "सुंदर आहे. आता हेच तुझ्या आजीला कळेल असं लिही." मी रडकुंडीला आले, कारण मला जोडाक्षरं धड यायची नाहीत. दोन वर्षं त्या माझ्या चुका पेन्सिलीने, खोडता येतील अशा, दाखवत राहिल्या. आज मी हे मराठीत लिहू शकते, ते त्या वहीमुळे.

बारावीत असताना आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. घरच्यांना वाटलं, आता रविवार सुटेल. तो सुटला नाही. अठरावं लागलं तेव्हा ताईंनी मला शाळेच्या एका बुटक्या बाकावर समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आतापर्यंत तू इथे मजा करायला येत होतीस. आता दुसऱ्यांची मजा सांभाळायला यायचं. पगार नाही, सुट्टी नाही, आणि कोणी थँक्यू म्हणणार नाही. विचार करून सांग." मी मान डोलावली. त्यांनी त्यांच्या हातचे तीन कागद माझ्यापुढे ठेवले. पालकांपैकी कोणी मदतीला यायचं म्हटलं, तरी त्या हेच कागद वाचून दाखवायच्या.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, स्काऊट-गाईड म्हणजे शिट्टी, गाठी आणि शेकोटी. मोठ्यांचं खरं काम त्या तीन कागदांत होतं आणि ते कोणाच्या नजरेत न येणारं होतं. शेवटची मुलगी जेवेपर्यंत मोठ्यांनी ताट वाढून घ्यायचं नाही. शिबिरात दाराजवळची जागा मोठ्यांची. कुठल्या मुलीला शेंगदाणा चालत नाही, कोणाला दम्याचा पंप लागतो, हे कागदावर नको, पाठ हवं. कुठलीही मोठी व्यक्ती कुठल्याही मुलीबरोबर बंद दाराआड एकटी नको, मग ती खुद्द कॅप्टन का असेना. एखाद्या मुलीला मनातलं काही सांगायचं असेल तर मैदानाच्या मधोमध बसायचं, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतकं लांब. मी स्वतः पंधराव्या वर्षी तिथे, भर उन्हात, ताईंसमोर बसून रडले आहे. चाळीस मुली लंगडी खेळत होत्या आणि एकीनेही वळून बघितलं नाही, कारण मधोमध बसलेल्यांकडे बघायचं नाही हेही ठरलेलं होतं. आणि सगळ्यात वर लाल पेनाने लिहिलेलं, की मोठ्यांनी कुठलंही काम जोडीने करायचं. ताई म्हणायच्या, "एकट्या माणसाची चूक त्याला स्वतःला कधी दिसत नाही. दुसरा त्यासाठी."

नियमाच्या बाबतीत त्या कोणालाही ऐकत नसत. आज पालक समितीचे अध्यक्ष असलेले नेनेकाका पहिल्यांदा भेटले ते असेच. येऊरच्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन हजर. मुलीच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, तिला न्यायला आले होते. ताईंनी फाईल काढली. मुलीला कोण नेऊ शकतं, त्या रकान्यात फक्त आईचं नाव होतं.

"अहो, मी तिचा बाप आहे!"

"असाल की. नाक अगदी तुमचंच आहे तिचं. पण कागदावर तुमच्या मंडळींचं नाव आहे."

"म्हणजे मी बायकोची परवानगी आणू?"

"आणाच. एरवी कधी आणली असेल असं वाटत नाही."

नेनेकाका लाल झाले. फोनला रेंज नव्हती. शेवटी ते गाडी घेऊन खाली गेले, बायकोला घेऊन वर आले, तोवर दीड तास गेला. ताईंनी दोघांना पोहे दिले आणि नेनेकाकांना विचारलं, "राग आला?" ते म्हणाले, "आला." ताई म्हणाल्या, "छान. आता विचार करा, तुमच्या जागी दुसराच कोणी 'मी तिचा बाप' म्हणत आला असता तर?" नेनेकाकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पुढच्या शिबिरापासून ते मदतीला यायला लागले आणि मग ताईंच्या नियमांचे ते ताईंपेक्षा कडक राखणदार झाले. त्यामुळेच 'ताई एकट्या गेल्या' हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. ते चिडले नव्हते. फसवले गेल्यासारखे दिसत होते.

आता त्या वाटेबद्दल. वर्षातून एकदा, थंडीत, ताई मुलींसाठी खुणांची वाट आखायच्या. जमिनीवर खडूचे बाण, वळणावर तीन दगडांची रास, 'इकडे नको' म्हणून फुली. सहा-सहा मुलींच्या गटाने त्या खुणा वाचत, कोणाला न विचारता, मुक्कामाला पोचायचं. मुलींना पाठवण्याआधीच्या रविवारी मोठ्यांपैकी दोघींनी ती वाट तपासायची. त्याची ताईंची एक खास पद्धत होती. दोघींनी बरोबर चालायचं नाही. पहिलीने खुणा करत पुढे जायचं. दुसरीने वीस मिनिटांनी निघून, लहान मुलीच्या नजरेने त्या खुणा वाचत मागून यायचं. बरोबर चाललो तर पहिली दुसरीला नकळत सगळं दाखवून टाकते आणि मग कुठली खूण फसवी आहे ते कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दोघी भेटल्या की दुसरीने चुका वाचून दाखवायच्या आणि चहा पहिलीने पाजायचा. सहा वर्षं ती दुसरी मीच होते; वाट फुटू नये म्हणून कोण, कधी जाणार हे आम्ही दोघींपलीकडे कोणाला सांगत नसू. ताईंच्या चुका काढायला मला फार आवडायचं. तेवढ्या एका कामात मी भडाभडा बोलायचे.

यंदा त्या चहाचीच मला भीती वाटत होती. दिवाळीनंतर ताई मला म्हणाल्या होत्या, "गार्गी, पथक आता तू घे. मी तुझ्या हाताखाली मदतीला राहीन." मी म्हणाले, "बघते." खरं तर माझं उत्तर 'नाही' होतं. कॅप्टन म्हणजे पुढे उभं राहणं. पालकांच्या बैठकीत बोलणं, नेनेकाकांसारख्या माणसाला दीड तास ताटकळत ठेवणं. मला ते जमणारं नव्हतं आणि 'जमणार नाही' असं ताईंच्या तोंडावर सांगणं तर त्याहून नव्हतं. मी महिनाभर टाळलं. त्यांनी एकदाही घाई केली नाही. फक्त शुक्रवारी फोनवर म्हणाल्या, "रविवारी कोलशेतला चहा पिताना सांग हं. हो तर हो, नाही तर नाही. मी काही खाणार नाही तुला."

रविवारी मी पाचला उठले. ताई सातला सुरुवात करणार होत्या, मी सात वाजून वीस मिनिटांनी निघायचं होतं. आंघोळ झाली, बूट घातले, पाठीवर सॅक लावली आणि पलंगावर बसले. नाही कसं म्हणायचं याची वाक्यं जुळवत होते. आई चहा घेऊन आली. "मेगाब्लॉक आहे का गं आज?" "नाही." "मग बूट घालून बसलीस काय अशी पाहुण्यासारखी?" साडेसहाला ताईंना मेसेज केला, 'थोडा उशीर होईल. तुम्ही सुरू करा, मी मागून येतेच.' लगेच उत्तर आलं, 'ये सावकाश.' मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, एवढा उशीर करू की ताईंना घरी जायची घाई होईल आणि चहा राहून जाईल. एवढंच. कोणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. मी बूट घातलेल्या पायांनी पलंगावर बसून राहिले... दीड तास.

कोलशेतला पोचले तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. देवळापाशी पहिला बाण होता. मी वही काढली आणि नेहमीप्रमाणे काम सुरू केलं. पहिला बाण ठीक. दुसरा ठीक. बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून वाट वळते, तिथे तीन दगड नीट रचलेले. चौथा बाण गवतात लपला होता. मी लिहिलं, 'चौथा दिसत नाही. लहान मुलगी सरळ जाईल.' पाचवा, सहावा. सातवा मला वाकडा वाटला, म्हणून तेही लिहिलं. त्यानंतर पुढे बाण नव्हता. मी पन्नास पावलं पुढे गेले, परत आले, पुन्हा गेले. आणि माझा मला राग येईल इतक्या शांतपणे मी वहीत लिहिलं, 'सातव्यानंतर खूण सापडत नाही. ताई विसरल्या?'

तिथून थोड्या अंतरावर, तिवरांच्या कडेला, गावातली एक म्हातारी कोळीण बसली होती. तिच्या मांडीवर ताईंची कापडी पिशवी होती. खडूंनी पांढरी झालेली. मी त्या पिशवीकडे बघत राहिले. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तूच का गो ती, मागशी येनारी?"

मला समजेना. ती सांगत गेली. बाई सकाळी इथून खडूने रेघा मारत चालली होती. म्हातारीने तिला हसून विचारलं, काय गो बाय, एकटीच? तर बाई म्हणाली, एकटी नाही हो, माझी मुलगी येतेय मागून. आणि थोडं पुढे जाऊन खाली बसली, छातीला हात लावून. म्हातारीने आरडाओरडा केला, दोन माणसं आली, रिक्षा आली. "मी बोलली, पोर येईल मागशी, तिला कोन सांगल? म्हनून बसली हाय." ती दीड तास तिथे बसली होती. माझ्यासाठी. "तूच ना ती?" तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "मी... ओळखीची आहे त्यांच्या." तिने पिशवी दिली. कुठल्या हॉस्पिटलमध्ये नेलं ते सांगितलं, पण नजर हलवली नाही.

हॉस्पिटलमध्ये नेनेकाका आधीच आले होते. ताई नव्हत्या, म्हणजे होत्या, पण... सामंतकाका एका खुर्चीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. नेनेकाकांनी मला विचारलं, "तू इथे कशी?" मी म्हणाले, "ताईंना भेटायला आले होते." वाक्य खरं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं बाळा, आपलं कोणीतरी आलं. निदान पिशवी तरी मिळाली." पुढे कितीतरी जणांनी हेच म्हटलं, की गार्गी होती म्हणून निदान एवढं तरी झालं. प्रत्येक वेळी ते दुरुस्त करायची संधी होती आणि प्रत्येक वेळी मी खाली बघितलं. गप्प माणसाचा एक फायदा असतो. तो गप्प राहिला तर कोणाला संशय येत नाही.

मी डॉक्टरांना एकदा गाठून विचारलं होतं, प्रथमोपचार येणारं कोणी जवळ असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित हो, कदाचित काहीच फरक पडला नसता. त्यांनी समजूत काढायला पहिलं 'कदाचित' गाळायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, ते प्रामाणिक होते.

तेराव्यानंतर सामंतकाकांनी मला बोलावलं. पथकाच्या शोकसभेसाठी फोटो हवे होते. ते ताईंच्या फोनमध्ये होते आणि काकांना फोन उघडून बघवत नव्हता. "तूच काढ काय ते. फोन उघडायचा आकडा तुला ठाऊक असेल, तुमच्या मैदानाचा पिनकोडच आहे," म्हणाले आणि आत जाऊन गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मी फोन उघडला. फोटो पाठवायला माझं नाव काढलं, तर ताईंच्या 'ये सावकाश'च्या वर माझाच मेसेज होता. 'मी मागून येतेच.' आतून कपबशांचा आवाज येत होता. अंगठ्याने एकदा दाबलं असतं की तो मेसेज गेला असता. मग जगात तो फक्त माझ्या फोनमध्ये राहिला असता आणि माझ्या फोनमध्ये कोण बघणार होतं? मी अंगठा त्यावर ठेवला. काढला. फोटो माझ्याकडे पाठवून घेतले आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. काका चहा घेऊन आले. एक कप त्यांनी सवयीने जास्तीचा आणला होता. आम्ही दोघांनी तो बघितला.

चौथ्या आठवड्यात पालकांची बैठक झाली. वर्तकनगरच्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये. मुलीही आल्या होत्या, गणवेशात, भिंतीला टेकून खाली बसलेल्या. वातावरण वाईट होतं. एक वडील म्हणाले, "पथक काही दिवस बंद ठेवू या. कॅप्टनच नियम पाळत नसतील तर आम्ही कोणाच्या भरवशावर मुली पाठवायच्या?" मैथिलीची आई म्हणाली, "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण बरोबर आहे तुमचं." नेनेकाकांनी खिशातून कागद काढला. जिल्हा कार्यालयाला पाठवायचं पत्र होतं. त्यांनी ते वाचायला घेतलं. सुरुवात ताईंच्या कामाची होती, चांगली होती. मग आलं, 'तथापि, दोन प्रौढ व्यक्तींच्या उपस्थितीचा नियम डावलून कॅप्टन सामंत या पाहणीसाठी एकट्याच गेल्या.' हे वाचताना त्यांचा आवाज चिरकला. शेवटच्या रांगेत बसलेल्या सामंतकाकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मुलींमध्ये मैथिली होती, आता चौदा वर्षांची. तिने मान खाली घातली होती आणि गळ्यातल्या स्कार्फची गाठ सोडून टाकली होती.

मी ती सैल गाठ बघितली. चार आठवडे मी मला काय होईल याचाच विचार केला होता. लोक काय म्हणतील, काका काय म्हणतील. या मुलींकडून काय जातंय ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या बाईंनी आपल्याला शिकवलं त्यांनी स्वतः ते पाळलं नाही, असं मनाशी धरून यातली प्रत्येक मुलगी घरी जाणार होती. आणि ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे माहीत असलेली त्या हॉलमध्ये एकच व्यक्ती होती.

"कोणाला काही म्हणायचंय?" नेनेकाकांनी विचारलं. बैठकीत हे विचारतात ते विचारायचं म्हणून. कागदाची घडी घालायला त्यांनी सुरुवातही केली होती.

माझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, म्हणून मला कळलं की मी उभी राहिले आहे. साठ-सत्तर लोक वळले. कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्याने बोल गं," मी अजून बोललेही नव्हते. मी सामंतकाकांकडे बघितलं, मग मुलींकडे, आणि बोलले.

"काका, ते वाक्य काढा. ताई एकट्या गेल्या नव्हत्या. दुसरी मी होते. मी मागून येते म्हणून त्यांना सांगितलं, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी घरी बसून राहिले."